पाचपैकी किती?

पिल्झेनच्या लोकांनी १८३८ साली बिअरची ३६ पिंपं टाउन हॉलसमोर भर रस्त्यात ओतून दिली. माल नासला होता, तोंडाला लावायच्या लायकीचा नव्हता. बोहेमियातल्या त्या गावात बिअर बनवून विकायचा हक्क ठरावीक घरांकडे पिढीजात चालत आलेला. चांगली झाली काय नि वाईट झाली काय, खपायचीच. त्या दिवशी मात्र लोकांचा संयम संपला. मग हक्कदारांनी मिळून एक सामायिक ब्रुअरी बांधली, बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा बिअर बनवणारा आणला आणि ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने पहिला घाणा चढवला. हलक्या भाजणीचं माल्ट, गावचं मृदू पाणी, झाटेट्सचे हॉप्स आणि थंडीत काम करणारं बव्हेरियन यीस्ट. सोनेरी, आरपार दिसणारी बिअर निघाली. आज जगात बिअर म्हणून जे काही विकलं जातं त्यातलं बहुतेक त्याच घाण्याचं लांबचं गोत आहे.

बिअरला गुण देण्याच्या चालीचा इतिहास मी या ओतलेल्या पिंपांपासून मोजतो, कारण जुन्या काळी बिअरला मिळायचा तो शेरा शिक्षेचाच असायचा. इंग्लंडात १२६६च्या सुमाराचा पाव आणि एल (तिथली जुन्या धाटणीची बिअर) यांच्या भावाचा कायदा होता, त्याच्या अंमलासाठी गावोगाव चव घेणारे अधिकारी नेमलेले असत. शेक्सपिअरचे वडील जॉन १५५६ साली स्ट्रॅटफर्डमध्ये याच कामावर होते. एल पातळ निघाली, माप कमी भरलं, भाव जास्त लावला, की दंड. ‘वाहवा’ असा शेरा त्यांच्या अखत्यारीतच नव्हता.

माझीही हयात याच खात्यात गेली. औरंगाबादजवळ वाळूजच्या एका बिअर कारखान्यात मी क्वालिटीच्या लॅबमध्ये होतो. शहराचं नाव आता बदललंय, पण माझ्या सगळ्या रजिस्टरांवर औरंगाबादच आहे. रोज जेवणाच्या सुट्टीआधी पॅनेल बसायचं, तोंडाची चव ताजी असते तेव्हा. तंबाखू, गुटखा खाणारा पॅनेलवर चालायचा नाही. डोक्याला वासाचं तेल चोपडून कुणी आला की त्याला परत पाठवायचो. ग्लास गडद रंगाचे, म्हणजे रंग पाहून मत बनायला नको. आणि तोंडात फिरवलेला घोट थुंकायचा नाही, गिळायचा, कारण बिअरचा कडूपणा गिळताना, घशाशी जाऊन पुरता उमगतो. आमच्या घरच्यांना हे काम आहे यावर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

पॅनेलवर आम्ही दोष शोधायचो. डायअ‍ॅसिटाइल राहिलं की लोण्याचा वास. डायमिथाइल सल्फाइड असेल तर उकडलेल्या मक्याचा. बाटली उन्हात राहिली की हॉप्समधले घटक प्रकाशाने फुटतात आणि असा उग्र दर्प येतो की तो एकदा ओळखला की जन्मभर विसरत नाही. जुनी झाली की ओल्या पुठ्ठ्याचा. ही नावं बॉटलिंग लाइनवरच्या पोरांनाही पाठ होती. शेरे दोनच, ‘पास’ आणि ‘होल्ड’. एका जुन्या सुपरवायझरचा घोट घेतल्यावरचा ठरलेला अभिप्राय होता, ‘‘साहेब, काहीच लागलं नाही.’’ आमच्या लॅबमध्ये याहून मोठी तारीफ नव्हती.

लॅबच्या भिंतीवर एक चक्र टांगलेलं असायचं. मॉर्टन माइल्गार्ड या डॅनिश शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात बिअरमधल्या चवी-वासांची शंभरावर नावं ठरवून ती चक्राकार मांडली. अमेरिका आणि युरोपच्या ब्रुअरी-रसायनज्ञांनी ती मान्य केली, म्हणजे कोपनहेगनच्या माणसाने ‘पुठ्ठा’ म्हटलं की वाळूजच्या माणसाला तेच समजावं. दुसरं हत्यार त्रिकोणी चाचणी. तीन ग्लास, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळी कोणती ते सांगा. १९४०च्या दशकात कार्ल्सबर्गच्या ब्रुअरीत ती रुळली. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक जण बरोबर निघतो, म्हणून निकाल आकडेमोडीने तपासावा लागतो. ही आकडेमोडही बिअरवाल्यांच्या ओळखीची. छोट्या नमुन्यांचं गणित विल्यम गॉसेट यांनी १९०८मध्ये मांडलं ते डब्लिनला गिनेसच्या नोकरीत असताना. कंपनीच्या धोरणामुळे त्यांनी ‘स्टुडंट’ हे टोपणनाव घेतलं, आणि जगभरची कॉलेजची पोरं आजही ‘स्टुडंट्स टी-टेस्ट’ घोकतात.

एवढा बंदोबस्त कशासाठी, याचं उत्तर १९६४च्या एका अमेरिकी अभ्यासात आहे. राल्फ अ‍ॅलिसन आणि केनेथ उल या दोघांनी नियमित बिअर पिणाऱ्या ३२६ जणांच्या घरी आधी बिनलेबलच्या बाटल्या पाठवल्या, नंतर लेबलवाल्या. लेबल नसताना लोकांना आपला ब्रँड ओळखता आला नाही आणि सगळ्या बिअरना जवळजवळ सारखे गुण मिळाले. लेबल आलं तसे गुण वाढले, आपल्या ब्रँडचे सगळ्यांत जास्त. २००६मध्ये लिओनार्ड ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनजवळच्या केंब्रिजमधल्या पबांत आणखी गमतीचा प्रयोग केला. बिअरमध्ये बाल्समिक व्हिनेगरचे काही थेंब टाकले. न सांगता दिलं तेव्हा बऱ्याच जणांना तीच बिअर जास्त आवडली. आधीच सांगितलं तेव्हा नको झाली. पिऊन झाल्यावर, पण मत देण्याआधी सांगितलं, तर आवड फारशी घटली नाही. म्हणजे माहिती चवीच्या आधी आली तर ती चवच बदलते. मागून आली तर तिचा जोर चालत नाही.

माझी पुतणी पुण्यात नोकरी करते आणि प्रत्येक नव्या बिअरला फोनवर पाचपैकी गुण देते. तिला मी हे सांगितलं तर म्हणाली, ‘‘काका, ते लोक कसले शौकीन? रोज तीच ती पिणारे.’’ मी तिच्यासमोर तीन स्टीलचे पेले ठेवले, बाजारातल्या दोन लागर, म्हणजे नेहमीच्या फिक्या सोनेरी बिअर, भरून. वेगळा पेला तिने अचूक ओळखला. नाक चांगलं आहे पोरीचं. मात्र पसंती दिली ती जिला ती एरवी नावं ठेवते त्या बिअरला. बाटल्या दाखवल्या तर म्हणते, ‘‘हिच्यात नंतर धातूसारखं लागतंय हं.’’

पण शौकिनांच्या गुणांमागे निव्वळ भुरळ आहे असं म्हणून मी सुटणार नाही. त्यांच्या बाजूने एक मोठा इतिहास आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठल्यावरही छोटे कारखाने सावरले नाहीत, मोठ्यांनी उरलेल्यांना गिळलं आणि १९७०च्या दशकाच्या शेवटी त्या खंडप्राय देशात शंभराच्या आतच ब्रुअऱ्या उरल्या. सगळीकडे एकाच जातीची फिकी, मक्या-तांदळाने हलकी केलेली लागर. माझ्या लॅबच्या कसोटीवर ती बिअर निर्दोष होती. दोष शोधणाऱ्याला तिच्यात काहीच सापडलं नसतं, आणि खरी अडचण तीच होती. इंग्लंडात १९७१मध्ये चार मित्रांनी पिंपातल्या जिवंत एलसाठी ‘कॅमरा’ ही ग्राहक चळवळ उभारली ती याच वैतागातून.

अशा वेळी १९७७ साली यॉर्कशायरच्या मायकेल जॅक्सन या पत्रकाराचं ‘द वर्ल्ड गाइड टू बिअर’ आलं. त्या गायकाशी नावापुरताच संबंध, आणि त्यावरचे विनोद ते स्वतःच करायचे. जॅक्सन यांनी देशोदेशीच्या बिअरची घराणी लावून दिली. बेल्जियमची आंबट लॅम्बिक, मठांतल्या गडद एल, बव्हेरियाची गव्हाची बिअर, लंडनचा पोर्टर. ज्या त्या गावात ‘आमची बिअर’ एवढंच म्हणत होते, तिला यांनी शैली म्हणून नाव-गाव दिलं. पुढच्या खिशात मावणाऱ्या मार्गदर्शिकेत त्यांनी तारे द्यायला सुरुवात केली, एक ते चार. दोषासाठी कापायचे नाहीत, गुणासाठी द्यायचे. बिअरच्या इतिहासात ही उलथापालथ होती. त्यांच्या ताऱ्यांनी कितीतरी म्हाताऱ्या ब्रुअऱ्या तगल्या असं बेल्जियन लोक आजही मानतात, आणि मला ते पटतं.

त्याच सुमाराला अमेरिकेत घरी बिअर बनवणं कायदेशीर झालं. ऑक्टोबर १९७८मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली. स्वतः बनवणारा माणूस दुसऱ्याची बिअर वेगळ्या जिभेने पितो. या घरगुती मंडळींच्या स्पर्धांसाठी १९८५मध्ये परीक्षकांची परीक्षा सुरू झाली. त्यांचा कागद ५० गुणांचा, पैकी चवीला २०, वासाला १२, एकूण परिणामाला १०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि रूपाला फक्त ३. हा कागद मला आवडतो. त्यात बिअरला तिच्याच जातीच्या बिअरशी तोलतात. पिल्सनर चांगली पिल्सनर आहे का, एवढंच विचारतात.

गर्दीच्या मतांचा अनुभव मात्र पहिल्यापासून वादाचाच. १९८२ साली कोलोरॅडोत ‘ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल’ सुरू झाला. तिथे आलेल्या लोकांच्या मतांनी सर्वांत आवडती बिअर निवडली जाई. बॉस्टनच्या सॅम्युएल अ‍ॅडम्सने १९८५, ८६, ८७ आणि ८९ साली ही पसंती जिंकली आणि ‘अमेरिकेतली सर्वोत्तम’ अशी जाहिरात केली. बाकीचे ब्रुअर संतापले. शेवटी मतदान बंद झालं आणि परीक्षकांनी नाव न कळता चव घ्यायची पद्धत राहिली.

मग इंटरनेट आलं नि गर्दी परत आली. १९९६मध्ये ‘बिअरअ‍ॅडव्होकेट’, २०००मध्ये ‘रेटबिअर’, कुणीही बिअरला गुण द्यावेत अशा साइट. गुणांचे रकाने जवळपास परीक्षकांचेच, पण रेटबिअरवर ५०पैकी २० गुण ‘एकूण मत’ या रकान्याला. बाकी रकाने नाका-जिभेचे, हा मनाचा. शिवाय जातीची कुंपणं मोडून सगळ्या बिअर एकाच यादीत. तिथून शौकिनांच्या गुणांना कशाचा वारा लागतो ते दिसू लागलं.

पहिला वारा तीव्रतेचा. याद्यांच्या माथ्यावर कायम इम्पिरिअल स्टाउट, डबल आयपीए, मठांच्या जड एल. १०-१२ टक्के अल्कोहोल, डिंकासारखी दाट, बर्बनच्या पिंपात मुरवलेली. पन्नास चवी घेऊन थकलेल्या जिभेला ओरडून बोलणारीच ऐकू येते. आमच्याकडे वाळूजला ८ टक्क्यांची मर्यादा गाठणारी स्ट्राँग सगळ्यांत जास्त खपायची, आणि ती पिणाऱ्या माणसाला शहरी लोक नाक मुरडून ‘किक’साठी पितो म्हणायचे. शिकागोचा शौकीन जड स्टाउटला पाचपैकी पाच देताना चॉकलेट, मनुका, जुनं चामडं असं बरंच लिहितो. त्याच्या मतात किकचा वाटा शून्य असतो असं मी मानायला तयार नाही.

दुसरा वारा दुर्मिळतेचा, आणि त्याची गोष्ट बेल्जियमच्या पश्चिम फ्लँडर्समधली आहे. वेस्टव्लेटरेन गावच्या सिंट सिक्स्टस मठात ट्रॅपिस्ट साधू १८३०च्या दशकाच्या अखेरीपासून बिअर बनवतात. त्यांची गडद ‘१२’ १०.२ टक्क्यांची. बाटलीवर तेव्हा लेबल नव्हतं, फक्त पिवळं बूच. विक्री मठाच्या दारातच व्हायची, तीही मठ चालण्यापुरती. २००५मध्ये रेटबिअरच्या यादीत ही जगातली सर्वोत्तम बिअर ठरली, बातमी युरोपभर झाली, आणि मठाच्या रस्त्याला मोटारींची रांग लागली. साठा संपला. साधूंनी उत्पादन वाढवायला नकार दिला. मग फोनवर नंबर लावायचा, गाडीचा क्रमांक द्यायचा, घेतलेला माल पुढे विकायचा नाही, अशी शिस्त आली. फोन लागणं हेच व्रत झालं; २०१९पासून ऑनलाइन नोंदणी. कोणत्याही जाहिरात कंपनीला सुचली नसती अशी ही जाहिरात, आणि ती करणाऱ्यांना ती नकोच होती.

या गोष्टीचं शेपूट मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या महायुद्धानंतर याच मठाने आपली बिअर व्यापारी तत्त्वावर बनवायचा परवाना जवळच्याच वाटू गावातल्या एका ब्रुअरीला दिला होता. तो १९९२मध्ये संपला. त्या ब्रुअरीने पुढे स्वतःच्या ‘सेंट बर्नार्डस’ नावाने बिअर चालू ठेवली. जुनी कृती, यीस्टही त्याच वंशावळीचं; मठ मात्र आता वेस्टमालच्या मठाचं यीस्ट वापरतो. म्हणजे जुन्या वेस्टव्लेटरेनचं जास्त रक्त कुणात, याचा वाद घालायला जागा आहे. सेंट बर्नार्डसची ‘१२’ कितीतरी देशांत दुकानात सहज मिळते आणि गुणांत ती फार मागेही नसते, पण तिच्यासाठी कुणी मठाबाहेर गाडीत रात्र काढत नाही. कॅलिफोर्नियातल्या सँटा रोझाची ‘प्लिनी द यंगर’ वर्षातून जेमतेम दोन आठवडे मिळते. इंडियानातली ‘डार्क लॉर्ड’ वर्षातला एक दिवस. रांगेत पाच तास उभा राहिलेला माणूस हातात ग्लास आल्यावर साडेतीन गुण कसे देईल? दिले तर स्वतःलाच वेड्यात काढल्यासारखं होईल.

तिसरी गोष्ट मात्र माझ्या जिव्हारी लागणारी. व्हरमाँटमधल्या वॉटरबरीत जॉन किमिच आणि त्यांच्या पत्नीचा ‘द अल्केमिस्ट’ नावाचा पब होता. ऑगस्ट २०११मध्ये आयरीन वादळाच्या पुराने तो बुडवला. त्यांचा डबाबंदीचा नवा कारखाना थोड्या उंचावर होता. तो अवघ्या दोन दिवसांनी सुरू झाला आणि ‘हेडी टॉपर’चे डबे बाहेर पडू लागले. ८ टक्के, हॉप्सने ओतप्रोत, संत्र्या-आंब्यासारख्या वासाची आणि गढूळ. डब्यावरच सूचना, ग्लासात ओतू नका. दोन वर्षांत ती शौकिनांच्या यादीत सगळ्यांत वर. मागून शेकडो ब्रुअऱ्यांनी गढूळ आयपीए काढल्या, २०१८मध्ये अमेरिकी ब्रुअरांच्या संघटनेने ती स्वतंत्र शैली म्हणून मान्य केली. आम्ही गढूळपणा यंत्रावर मोजून टँक अडवत होतो! गाळणीच्या पावडरीवर लाखो रुपये खर्च व्हायचे ते याच दोषासाठी. आता ग्लास पलीकडचं दिसत नसेल तर लोक खूश. रागावून उपयोग नाही. ग्रोलची बिअर आली तेव्हा गडद, धूसर बिअर पिणाऱ्यांनाही ती पाणचट वाटली असेलच की.

शौकीन घडतो कसा, याचाही अभ्यास झाला आहे. स्टॅनफर्डचे ज्युलियन मॅकॉली आणि युरे लेस्कोवेक यांनी २०१३मध्ये बिअरचे लाखो अभिप्राय काळाच्या क्रमाने लावून पाहिले. नवखा आणि मुरलेला यांच्या गुणांत पद्धतशीर फरक निघाला. मुरलेले लोक कडक एलना नवख्यांपेक्षा जास्त गुण देतात, लागरना कमी. म्हणजे लोक नुसती बिअर मोजत नाहीत. आपण कुठवर पोचलो तेही त्याच आकड्यात मोजतात. लागर आवडते म्हणणं म्हणजे अजून बालवाडीत आहोत असं कबूल करणं.

इथे माझी तक्रार आहे, आणि ती धंदेवाईक आहे. चांगली पिल्सनर बनवणं सगळ्यांत अवघड. दाट स्टाउटमध्ये लोण्याचा वास लपतो, बर्बनखाली काहीही लपतं, हॉप्सच्या ढिगाखाली मक्याचा वास पुरता येतो. फिक्या लागरमध्ये लपायला जागाच नाही. पाण्यातला क्षार चुकला, यीस्टला थोडी घाई केली, की पहिल्या घोटाला चुगली. हे ज्याला येतं त्याला ब्रुअर लोक आपसात मानतात. पण त्यांचं मत आकड्यात उतरत नाही. रेटबिअरचा काही हिस्सा २०१६मध्ये एबी इनबेव्ह या जगातल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपनीच्या हाताखालच्या शाखेने घेतला, २०१९मध्ये पूर्ण घेतलं आणि फेब्रुवारी २०२५मध्ये ते बंद झालं. त्या मालकीवरून २०१७मध्ये डॉगफिश हेड या अमेरिकी ब्रुअरीच्या सॅम कॅलाजिओनी यांनी आपल्या बिअर यादीतून काढा अशी जाहीर मागणी केली होती. लागर विकून मोठी झालेली कंपनी, आणि तिच्या ताब्यातल्या यादीत लागर तळाला, हा विनोद मात्र कुणी फारसा केला नाही.

आपल्याकडे हे वारं २००९मध्ये आलं, देवळालीच्या छावणीवरून नाव घेतलेल्या पुण्याच्या ‘डूलाली’ या मायक्रोब्रुअरीपासून. नंतर पुण्या-मुंबईत बऱ्याच मायक्रोब्रुअऱ्या निघाल्या. गेल्या पावसाळ्यात पुतणीबरोबर एका ठिकाणी गेलो. फळ्यावर गव्हाची बिअर, आंब्याची, कॉफीची स्टाउट, गढूळ आयपीए. पिल्सनर नव्हती. मी आतल्या तरुण ब्रुअरशी बोललो. कारखान्यातला माणूस म्हटल्यावर त्याने टाक्या दाखवल्या. ‘‘काका, मलाही करायचीय हो,’’ तो म्हणाला. ‘‘पण गव्हाची दोन आठवड्यांत विकायला काढता येते. पिल्सनरला टाकी पाच-सहा आठवडे अडकते. एवढं करून लोक तीन पॉइंट दोन देणार. मालक विचारतो ना मग.’’ टाक्या चारच होत्या. हिशोब त्याचा बरोबर होता.

पुतणी तोवर आंब्याच्या बिअरला चार देऊन मोकळी झाली होती.